वाढीव अर्धा तास

दहावी झाल्यावर माझ्या लेकीला लातूरला शिकायला जायचं होतं आणि मला तिला तिथं पाठवायचं नव्हतं. आमच्या घरातलं त्या उन्हाळ्यातलं भांडण एवढंच होतं. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि नांदेडला काय क्लासेस नाहीत का, असं मी म्हटलं की ती माझ्याकडं असं बघायची की जणू मी तिला शेण गोळा करायला सांगितलंय.

खरं कारण मी तोंडानं सांगत नव्हते, पण घरात सगळ्यांना माहीत होतं. भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. लातूरकडचंच आमचं गाव, मातीच्या छताचं माळवदाचं घर, हातभर रुंद दगडमातीच्या भिंती. गणपतीचं विसर्जन करून सगळे उशिरा झोपलो होतो. पहाटे जमीन गुरगुरली, आणि उजाडेपर्यंत आमच्या घरातले दोघं गेलेले होते. याच्यापुढं मी कधी कुणाला काही सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. बाप आधीच गेलेला, म्हणून मुखेडला मामानं वाढवलं, शिकवलं, नांदेडला दिलं. आज मी शाळेत शिकवते. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, दांडगट पोरंही मला वचकून असतात. आणि रस्त्यावरून वाळूचा ट्रक गेला की माझा खडू फळ्यावर जागच्या जागी थांबतो.

या भीतीचे म्हणून काही नियम असतात, ते मी लग्नापासून पाळत आले. न्हाणीघराची कडी लावायची नाही. डोक्याशी चप्पल ठेवायची. आणि झोपायच्या आधी स्वैपाकघराच्या ओट्यावर स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचायची, एकावर एक पालथे, म्हणजे जमीन जरा जरी हलली की ते खळखळ पडतात आणि जाग येते. आमच्याकडं त्या भागात कितीतरी घरांत हे चालायचं. माझा नवरा चेष्टा करायचा, की आमच्याकडं पेले पाणी प्यायला नसतात, पहाऱ्याला असतात. करू दे चेष्टा. मी सगळ्यात पक्का नियम लेकीला शिकवला होता: कधीही काही वाटलं तर माझ्याकडं बघायचं. मी उठले की तू उठायचं, मी पळाले की तू पळायचं, विचारत बसायचं नाही. ती दोन-अडीच वर्षांची होती तेव्हापासून हे शिकवलेलं. तिनं ते कधी मोडलं नाही, एवढी गुणाची पोर.

तर त्या उन्हाळ्यात नवऱ्यानं मध्यस्थी केली. म्हणाला, आधी बघून तर ये, बघायला काय जातंय. मग आम्ही मायलेकी एसटीनं लातूरला गेलो, क्लासेस बघितले, वसतिगृहं बघितली. सगळी तीन-चार मजली. मी प्रत्येक ठिकाणी मान वर करून स्लॅब बघत होते आणि लेक मान खाली घालून माझी वाट बघत होती. परतीच्या गाडीला वेळ होता. ती म्हणाली, "मम्मी, इथं तो सिनेमा लागलाय."

तो सिनेमा म्हणजे तिच्या आवडीच्या कॉमिक्सवर काढलेला, जुनाच, थेटरात पुन्हा लागलेला. सावल्यांशी बोलणारी एक पोरगी असते, तिच्याबरोबर एक बोकडतोंड्या म्हातारा, आणि जमिनीखाली झोपलेला एक राक्षस. ही कॉमिक्स ती आमच्या शेजारच्या चाचांकडून आणून वाचायची, त्यामुळं गोष्ट मला तोंडपाठ ऐकून माहीत होती. एक गोष्ट मात्र तिनं सांगितली नव्हती. तो राक्षस झोपेत कूस बदलतो तेव्हा वरची शहरं कोसळतात.

थेटरात आधी खुर्चीतून आलं ते. कानाला ऐकू यायच्या आधी पाठीला. मग आवाज आला, खालून, तस्साच. मला पडदा दिसेनासा झाला. मी लेकीचं मनगट धरलं आणि लोकांच्या गुडघ्यांवरून तिला ओढत निघाले. "उठा, उठा" असं मी ओरडत होते म्हणे, मला आठवत नाही. पण मला एक आठवतं. मी एकटी उठले नव्हते. त्या अंधारात माझ्या वयाची, माझ्याहून थोराड माणसं रांगारांगांतून उभी राहिली होती. टोपीवाले, साडीवाल्या, एक जण लेकराला काखेत मारून पार दारापर्यंत पोचलेला. आणि तरुण पोरंपोरी खाली बसून हसत होती. लातूर सोडून दुसऱ्या कुठल्या गावात सिनेमाला अर्धं थेटर असं उभं राहील?

बाकीची माणसं ओशाळून परत बसली. मी नाही गेले आत. बाहेर पायरीवर बसले. लेक माझ्या शेजारी उभी होती, मनगट चोळत. नांदेड येईपर्यंत ती गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली. घरात पाय टाकल्यावर बापाला म्हणाली, "हिला माझी काळजी नाहीये पप्पा. हिला तिची भीती आहे. आणि त्याच्यापायी मी इथं बसायचं."

ऐकून लई लागलं मला. लागलं कारण पोरगी खोटं बोलत नव्हती.

दोन-तीन दिवस धुसफूस झाली. मग तीच माझ्याजवळ आली. ती माझ्यासारखी तापट नाही, बापावर गेलीय. म्हणाली, मम्मी, आपण एक करू. चाचांकडं तो सिनेमा आलाय. तू माझ्याशेजारी बसून तो शेवटपर्यंत बघ. उठायचं नाही. तू बसलीस तर मी लातूरला जाणार, उठलीस तर मी पुन्हा नाव काढणार नाही.

शेजारचे चाचा म्हणजे एके काळचे सीडीवाले. भाड्यानं सीड्या देण्याचं त्यांचं दुकान होतं, ते बुडालं तेव्हा त्यांनी मोबाईलदुरुस्ती सुरू केली, पण सीड्यांचा नाद सुटला नाही. घरात कपाट भरून होत्या. त्यांच्याकडं मोठा टीव्ही होता आणि कोपऱ्यात गुडघ्याएवढा काळा स्पीकर. हा सिनेमा त्यांनी कुठून तरी मागवलेला. थेटरातल्याहून अर्ध्या तासानं मोठा, घरी बघायसाठी वेगळा काढलेला. कव्हर दाखवत म्हणाले, "म्याडम, ये लंबीवाली है. थेटरात कापलेलं सगळं याच्यात हाय."

मी मनात म्हटलं, कापलं होतं ते बरं होतं.

लेकीनं तयारी केली होती. थेटरातला सिनेमा तिनं मैत्रिणीच्या फोनवर पुन्हा सगळा बघितला होता. म्हणाली, तीन वेळा जमीन गडगडते. प्रत्येक वेळी आधी मी तुझा हात दाबते, म्हणजे तुला कळेल की आता येणार, सिनेमातलं येणार. मला तिचं कौतुक वाटलं आणि लाजही वाटली. लहानपणी डॉक्टरकडं नेताना मी तिला असंच सांगायचे, की आता सुई टोचणार बरं का.

मे महिन्यातली दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. चाचांच्या खोलीत कूलर घरघरत होता, त्याचीच मला आधी सवय करून घ्यावी लागली. चाचींनी सरबताचे ग्लास आणून टीपॉयवर ठेवले आणि त्या आत भाजी निवडायला गेल्या. चाचा सिनेमा लावून देऊन दुकानात गेले. आम्ही दोघी सोफ्यावर. मी पदर कमरेला खोचला होता. कशाला, देव जाणे.

पहिल्यांदा हात दाबला गेला. मी दात आवळले. त्या काळ्या स्पीकरमधून तो आवाज निघाला आणि सोफ्याच्या लाकडातून माझ्या मणक्यात शिरला. मला घाम फुटला. पाय उठायला बघत होते, मी ते दोन्ही हातांनी मांडीवरून दाबून धरले. संपलं. लेकीनं माझ्याकडं बघून मान हलवली. दुसऱ्यांदा हात दाबला गेला तेव्हा मी डोळे मिटून घेतले, पण बसले. तिसऱ्यांदा डोळेसुद्धा मिटले नाहीत. पडद्यावर अख्खं शहर खाली गेलं, बोकडतोंड्या म्हातारा त्यात गाडला गेला, आणि मी बसलेलीच. माझा माझ्यावर विश्वास बसेना. वाटलं, एवढंच होतं व्हय? एवढ्यासाठी इतकी वर्षं घालवली? मला रडू यायला लागलं होतं. लेकीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं.

मग तो वाढीव भाग आला. गाडला गेलेला म्हातारा जिवंत निघतो, आणि ती पोरगी आणि तो एका झोपडीत बसून सूप पितात. लांबलचक प्रसंग, कुणी काही बोलत नाही. थेटरात असलं कोण बघेल, म्हणून कापलं असणार. हे लेकीनंही बघितलेलं नव्हतं.

आणि जमीन गुरगुरली.

हात दाबला गेला नव्हता. मी लेकीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती. तिचे डोळे मोठे झाले होते, पण ती हलली नाही. हळूच म्हणाली, "वाढीव भागातलं असंल, मम्मी. बस."

मी बसले.

ते काही क्षण मी कधी विसरणार नाही. माझं अख्खं अंग सांगत होतं की ऊठ. आयुष्यभर ज्या आवाजाची वाट बघितली तो हाच, हे माझ्या हाडांना कळलं होतं. आणि मी डोक्यानं त्यांना गप्प करत होते. बस, बावळट. हरशील. आत्ताच तर जिंकलीस. सिनेमा आहे. लेकीसमोर पुन्हा तमाशा करू नको. मी सोफ्याच्या कडेला नखं रुतवून बसले आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी लेकीला माझी भीती दिसू दिली नाही.

पडद्यावर त्या म्हाताऱ्याच्या हातात सुपाची वाटी होती. सूप हलत नव्हतं. टीपॉयवर आमचं सरबत हलत होतं. ग्लास ग्लासाला लागून किणकिणत होता.

मला ते दिसलं, कळलं, आणि तरी मला उठता येईना. पायांत जीवच नव्हता. तेवढ्यात आतून चाची ओल्या हातांनी धावत आल्या. "बैठे क्या हो? उठो, जलजला है," म्हणत त्यांनी लेकीच्या दंडाला धरलं, माझ्या पदराला धरलं आणि आम्हाला ओढत बाहेर काढलं. त्यांनी मला नेलं. मी लेकीला नेलं नाही.

बाहेर येईस्तोवर थांबलंही होतं. सगळी गल्ली रस्त्यावर आलेली, अनवाणी, उन्हात पाय भाजून घेत. कुणाचं काही पडलं नव्हतं. कुणी म्हणालं जिलेटिनचा स्फोट असेल, कुणी म्हणालं नाही, भूकंपच. फोन लागेनात. हळूहळू लोक हसायला लागले, एकमेकांच्या अवताराची चेष्टा करायला लागले. चाचांच्या घरातून सिनेमाचा आवाज अजून येत होता.

लेक माझ्या पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. तिचे दात वाजत होते, मे महिन्यात. मी तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, "मम्मी, तू उठली नाहीस."

तक्रार नव्हती त्यात. ती फक्त सांगत होती.

"मला कळलं होतं, हे वेगळंय म्हणून," ती म्हणाली. "सोफ्याखालून आलं ते. मग मी तुझ्याकडं बघितलं. तू उठली नाहीस म्हणून म्हटलं, काही नसंल."

माझ्या काळजात जे चर्र झालं ते आजही निवलेलं नाही. धक्का थोडा मोठा असता तर? चाचींना जरा उशीर झाला असता तर? पोर माझ्या तोंडाकडं बघत बसून राहिली असती. मीच तिला तसं शिकवलं होतं.

घरी आलो तर ओट्याखाली पेले पडलेले. आदल्या रात्रीची उतरंड सकाळी मोडायची राहून गेली होती. लेकीनं एकेक पेला उचलला, धुतला, आणि संध्याकाळी, दिवसाउजेडी, तिनं स्वतः उतरंड रचली. त्याआधी तिनं कधी उतरंडीला हात लावलेला नव्हता, तिला त्याची लाज वाटायची.

मग हे सुरूच झालं. ती अंघोळीला गेली की कडी लागल्याचा आवाज येईना. जेवताना मध्येच घास थांबवायची आणि वर पंख्याकडं बघायची. बाहेर ट्रक गेला की आम्ही दोघीही एकदम गप्प व्हायचो, आणि मग एकमेकींकडं बघायचो. माझं जे होतं ते सगळं तिच्याकडं गेलं होतं आणि माझ्याकडलं काही कमी झालं नव्हतं. शेवटी एक दिवस चहा पिताना ती म्हणाली, "मी लातूरला नाही जात. इथंच बघते कॉलेज."

मला काय झालं म्हणून सांगू. आनंद झाला. आतून उकळी फुटली. पोर घरात राहणार, माझ्या डोळ्यासमोर राहणार, सुटले बाई एकदाची. आणि त्याच दमात मी तिच्या तोंडाकडं बघितलं. चहाचा कप दोन्ही हातांत धरून ती पंख्याकडं बघत होती. हे तोंड मला ओळखीचं होतं. मुखेडला मामाच्या घरी आरशात रोज बघायचे मी हे तोंड. माझा आनंद मलाच इतका भेसूर वाटला की मी उठून आत गेले.

नवरा माझ्या मागं आला. तो सहसा टोचून बोलत नाही. त्या दिवशी म्हणाला, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

मी रात्रभर तळमळले, आणि सकाळी शाळेत जाऊन लांब रजेचा अर्ज टाकला. आमच्याकडं हे नवीन नाही. पोरं क्लासला लागली की कितीतरी आया नवऱ्याला डबा लावून देतात, लातूरला खोली घेतात आणि दोन वर्षं तिथं स्वैपाक करत राहतात. लेकीला म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर. तिनं नको म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. बॅग मात्र भरली.

लातूरला खोली बघायला गेलं की घरमालक पाण्याचं नंतर सांगतो, आधी सांगतो की घर कॉलमचं आहे, सिमेंटच्या खांबांवर पेललेलं. तिथल्या माणसाला दुसरं काही विचारायचंच नसतं. आम्ही ज्या घरी गेलो तिथली मालकीण साठीची होती. तिनंही तेच सांगितलं. "कॉलमचं हाय, बाई. इंजिनेरनं उभं राहून बांधलंय. खालच्या खोल्या भरल्या, वर तिसऱ्या मजल्यावरची हाय बगा."

लेकीचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. ती अंगणाच्या कोपऱ्यात बघत होती. तिथं चार पत्रे टाकलेले होते, खाली बाज, बाजेवर गोधडी आणि उशी.

"तिथं कोण झोपतं?" तिनं विचारलं.

"मी," मालकीण म्हणाली. "मला आत न्हाई झोप लागत. तवापासून."

मग लेकीनं माझ्याकडं बघितलं. तिथंच, त्या अंगणात, बॅग हातात धरून, ती माझ्या चेहऱ्यावर शोधत होती की आता काय करायचं. त्या बाईच्या पत्र्याखाली जाऊन बसावं, असं मला अगदी मनापासून वाटलं. हसणं मला जमलं असतं, काही नाही गं असं म्हणणंही जमलं असतं. एकदा ते जमवून झालं होतं.

मी जिना चढायला लागले. ती मागून आली. खोली लहान होती, दोन खिडक्या, एक मोरी. मी खोलीच्या मध्ये उभी राहिले, स्लॅबखाली.

"मम्मी, तुला भीती वाटत नाही का?" ती दारातच उभी होती.

"वाटते," मी म्हटलं. "लई वाटते. आत्तासुद्धा वाटायली. दिसत नसली तरी वाटते." आणि मग जे मी कधी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. त्या पहाटे माझ्या आईनं मला दाराबाहेर ढकललं आणि धाकट्या भावाला आणायला ती परत आत गेली. मी पळाले नाही, ती येईल म्हणून उंबऱ्यासमोर तिच्याकडं बघत उभी राहिले. भिंत माझ्या समोर पडली. हातभर पुढं असते तर मीही नसते.

"म्हणून ऐक," मी म्हटलं. "माझ्या तोंडाकडं बघायचं नाही इथून पुढं. मी उठले का, बसले का, काही बघायचं नाही. तुला वाटलं की तू पळायचं. मी मागं राहिले तरी वळून बघायचं नाही. कबूल कर."

तिनं हातातली बॅग खाली ठेवली. मग डोळे पुसून म्हणाली, "लातूरला राहायचं कबूल. हे नाही जमणार मला." आणि बाकीचं सामान आणायला खाली गेली.